ज्यूंचीं प्रतीक्षागीतें

एखाद्या लोकसमूहाचा इतिहास जसा त्याच्या राजांच्या वंशावळींत आणि लढायांच्या बखरींत सांपडतो, तसाच तो त्याच्या गाण्यांतही सांपडतो. ज्यू लोकांच्या बाबतींत हें विधान विशेष खरें आहे. कारण, अठराशेंहून अधिक वर्षें त्यांना राज्य नव्हतें, सैन्य नव्हतें, राजधानी नव्हती. होतें तें एक धर्मपुस्तक, आणि त्या पुस्तकाभोंवतीं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलें गाणें. या गाण्याचा फार मोठा भाग एकाच विषयाला वाहिलेला आहे. जो अजून आलेला नाहीं, पण येणार आहे, त्याची वाट पाहणें हा तो विषय. त्या येणाऱ्याला हिब्रू भाषेंत ‘माशीयाह’ म्हणतात. माशीयाह म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या मस्तकीं तेलाचा अभिषेक झाला आहे असा राजा. तो दाविद राजाच्या कुळांत जन्मेल, दाही दिशांना पांगलेल्या लोकांना एकत्र आणील, यरुशलेमचें मंदिर पुन्हां उभें राहील आणि जगांत न्यायाचें व शांततेचें राज्य सुरू होईल, अशी ही श्रद्धा आहे. ख्रिस्ती लोकांच्या मतें तो येऊन गेला. ज्यूंच्या मतें तो अजून यावयाचा आहे. या एका ‘अजून’मध्यें त्यांच्या भक्तिगीतांचें बरेचसें रहस्य सांठविलेलें आहे.

वाट पाहणाऱ्याला दोन शत्रु असतात. एक निराशा आणि दुसरा उतावळेपणा. निराश झालेला मनुष्य दार लावून घेतो, तर उतावळा मनुष्य दारीं येईल त्यालाच राजा समजून ओंवाळतो. ज्यूंच्या गाण्यानें त्यांचें पहिल्या शत्रूपासून फार चांगलें रक्षण केलें. दुसऱ्यापासून मात्र तें नेहमींच करूं शकलें नाहीं. कधीं कधीं तर त्या गाण्यानेंच उतावळेपणाला पंख दिले.

या कथेचा आरंभ एका मौनापासून होतो. यरुशलेमच्या पहिल्या मंदिरांत लेवी कुळांतील गवयी वीणा, झांजा व कर्णे यांच्या साथीनें स्तोत्रें गात असत. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजानें तें मंदिर जाळलें आणि लोकांना बंदिवान करून नेलें. त्या बंदिवानांनीं नदीकांठच्या झाडांना आपल्या वीणा टांगल्या आणि परक्या भूमींत आपलें गाणें गाण्यास नकार दिला, असें वर्णन स्तोत्रसंहितेच्या १३७ व्या स्तोत्रांत आलें आहे. नवल असें कीं, गाणार नाहीं ही प्रतिज्ञासुद्धां त्यांनीं गाण्यांतच केली. पुढें इराणी बादशहांच्या अमलांत मंदिर पुन्हां उभें राहिलें, परंतु इ. स. ७० मध्यें तीतस या रोमन सेनापतीनें तेंही भस्मसात् केलें. त्यानंतर मात्र मंदिर पुन्हां उभें राहिलें नाहीं. धर्मशास्त्र्यांनीं शोकाची खूण म्हणून वाद्यसंगीताला मर्यादा घातल्या. सनातनी ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या उपासनेंत, आजही वाद्य वाजत नाहीं. वीणा टांगलेलीच राहिली. उरला तो माणसाचा कंठ.

मंदिरांतील यज्ञाची जागा आतां प्रार्थनेनें घेतली. भाविक ज्यू दिवसांतून तीन वेळां उभ्यानें जी प्रार्थना म्हणतो, तिच्यांत यरुशलेमची पुनर्रचना व्हावी आणि दाविदाच्या वंशाचा अंकुर फुटावा, अशी याचना आहे. परंतु रोज तेच शब्द म्हणतां म्हणतां ते जिभेच्या ओळखीचे होतात आणि मनाला अनोळखी होऊं लागतात. ठरलेली प्रार्थना न बदलतां तिच्यांत नवा जीव ओतावयाचा, या गरजेंतून एक नवा काव्यप्रकार जन्मास आला. त्याचें नांव ‘पियूत’. कवीला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें, आणि असें काव्य रचणाऱ्याला ‘पैतान’ म्हणूं लागले. योसे बेन योसे, यन्नाई आणि एलाझार कल्लीर हे पालेस्ताइन देशांतील आरंभींचे पैतान. अक्षरानुक्रमानें कडवीं रचावीं, कडव्यांच्या आद्याक्षरांत आपलें नांव गुंफावें, धर्मपुस्तकांतील एखाद्या आडबाजूच्या प्रसंगाचा नुसता इशारा देऊन श्रोत्याच्या स्मृतीची परीक्षा पाहावी, अशी त्यांची रीति होती.

यांपैकीं यन्नाईची कथा मोठी उद्बोधक आहे. त्याचें नांव विद्वानांना ठाऊक होतें, पण त्याचें काव्य जवळजवळ नष्ट झालें होतें. ज्यूंची अशी चाल आहे कीं, ज्या कागदावर ईश्वराचें नांव लिहिलें आहे तो टाकून द्यावयाचा नाहीं. तो जपून ठेवावयाचा व योग्य वेळीं पुरावयाचा. कैरोच्या जुन्या भागांत, फुस्तात येथें, बेन एझ्रा नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तेथील एका कोठडींत असे कागद शतकानुशतकें सांठत गेले. १८९६-९७ सालीं केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्तर यांनीं ते तपासून इंग्लंडला नेले. आज एकट्या केंब्रिजच्या संग्रहांत सुमारें १ लक्ष ९३ हजार तुकडे आहेत. त्या चिटोऱ्यांतून यन्नाईचीं कवनें एकेक करून वर आलीं, आणि १९३८ सालीं मेनाहेम झुलाई यांनीं तीं एकत्र प्रसिद्ध केलीं. त्याच कोठडींत आणखी एक अमोल चीज मिळाली. दक्षिण इटलींतील एका नॉर्मन घराण्यांतील ओबद्या नांवाच्या मनुष्यानें ११०२ सालीं ज्यू धर्म स्वीकारला. त्यानें हिब्रू गीतांवर ख्रिस्ती मठांत वापरीत त्या प्रकारचीं स्वरचिन्हें लिहून ठेवलीं होतीं. ज्यू धर्मगीतांचें स्वरलेखन म्हणून उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने कागद होत. म्हणजे ज्यूंच्या गाण्याचा पहिला लेखी सूर एका परधर्मांतून आलेल्या माणसाच्या लेखणींतून उतरला.

देशोदेशीं पांगलेल्या समाजाला परक्यांचे सूर टाळतां येत नाहींत. दहाव्या शतकांत दूनाश बेन लाब्रात यानें अरबी वृत्तें हिब्रू कवितेंत आणलीं, आणि मुसलमानी स्पेनांत हिब्रू काव्याला बहर आला. सॉलोमन इब्न गबिरोल, अब्राहाम इब्न एझ्रा, यहूदा हालेवी हीं त्या काळांतलीं मोठीं नांवें. यांत यहूदा हालेवी हा वैद्यकीचा व्यवसाय करणारा कवि विशेष लक्षांत राहतो. त्यानें अरबी वृत्तांत अप्रतिम कविता लिहिल्या, आणि आपल्या ‘कुझारी’ या ग्रंथांत मात्र परक्या वृत्तांच्या स्वीकारामुळें हिब्रू वाणीची हानि झाली असा आक्षेप घेतला. हा त्याचा अंतर्विरोध त्याच्या साऱ्या समाजाचाच होता.

हालेवीनें सियोनविषयीं, म्हणजे यरुशलेमच्या पवित्र टेंकडीविषयीं, विरहगीतें लिहिलीं. मंदिराच्या विध्वंसाचा दिवस म्हणून आब महिन्याच्या नवमीला ज्यू लोक उपवास करतात व जमिनीवर बसून शोकगीतें म्हणतात. त्यांत त्याचें एक गीत आजही म्हटलें जातें. परंतु त्याला शब्दांवर समाधान नव्हतें. वार्धक्याच्या उंबरठ्यावर, घरदार, मित्र आणि मानमान्यता सोडून, ११४० सालीं तो समुद्रमार्गानें मिसर देशांत अलेक्झांड्रिया येथें पोहोंचला. तेथील मंडळींनीं त्याला मोठ्या आग्रहानें ठेवून घेतलें. ११४१ च्या उन्हाळ्याच्या सुमारास तो पालेस्ताइनकडे जाण्यास निघाला आणि त्याच वर्षीं वारला. यरुशलेमच्या वेशींत एका अरब घोडेस्वारानें त्याला तुडविलें, ही पुढच्या काळांत प्रसृत झालेली दंतकथा आहे. त्याच्या प्रवासाची खरी हकीकत फुस्तातच्या त्याच कोठडींतील पत्रांवरून कळते. गाण्यांत व्यक्त केलेली ओढ हा नुसता काव्यालंकार नव्हता, हें हालेवीनें आपल्या अखेरच्या प्रवासानें दाखविलें.

ओढ जितकी तीव्र, तितका फसगतीचा संभव मोठा. हालेवीनंतर एकाच पिढीनें येमेन देशांत एक मनुष्य पुढें आला आणि माशीयाहचें आगमन झाल्याचें सांगूं लागला. छळानें गांजलेले लोक त्याच्या भजनीं लागले. तेव्हां मिसरमधील थोर तत्त्वज्ञ व वैद्य मैमोनिदीस यानें ११७२ च्या सुमारास येमेनच्या लोकांना एक दीर्घ पत्र लिहिलें. उद्धाराच्या तारखेचीं गणितें मांडूं नका, भलत्याच्या मागें जाऊं नका, पण आशा सोडूं नका, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यानें ज्यू श्रद्धेचीं जीं तेरा तत्त्वें सांगितलीं, त्यांतील बारावें माशीयाहच्या आगमनाविषयीं आहे. त्यास विलंब झाला तरी त्याची वाट पाहावी, असें तें सांगतें. विलंब हाच श्रद्धेचा एक भाग करून टाकल्यामुळें निराशेचा दंश बराचसा बोथट झाला. पुढें या तत्त्वांचींही गाणीं झालीं.

१४९२ सालीं स्पेनच्या राजाराणींनीं ज्यूंना देशाबाहेर घालविलें. १४९७ सालीं पोर्तुगालांत त्यांच्यावर सक्तीनें बाप्तिस्मा लादण्यांत आला. निर्वासितांपैकीं पुष्कळांना तुर्की साम्राज्यांत आसरा मिळाला, आणि १५१६ सालीं पालेस्ताइन त्या साम्राज्यांत आल्यावर कांहींजण गालील प्रांतांतील साफेद या डोंगरावरच्या गांवीं जाऊन राहिले. योसेफ कारो हा स्मृतिकार, इसहाक लुरिया हा गूढवादी, शलोमो अल्काबेत्झ हा कवि, असे लोक त्या लहानशा गांवांत एका शतकांत नांदले. शुक्रवारीं दिवस मावळण्याच्या सुमारास हे लोक गांवाबाहेर जात आणि येणाऱ्या शब्बाथचें एखाद्या नववधूप्रमाणें स्वागत करीत. याच वातावरणांत अल्काबेत्झनें ‘लेखा दोदी’ हें गीत रचलें. त्याच्या पहिल्या आठ कडव्यांच्या आद्याक्षरांत कवीचें नांव गुंफलेलें आहे.

हें गीत वरवर पाहतां शब्बाथच्या स्वागताचें आहे. परंतु त्याच्या मधल्या कडव्यांत शब्बाथचा उल्लेख मागें पडतो आणि कवि यरुशलेम नगरीशीं बोलूं लागतो. धुळींतून ऊठ, उद्धार जवळ आला आहे, असा त्याचा भाव आहे. शब्बाथ हा येणाऱ्या जगाचा साठावा अंश आहे, असें तालमूद या ग्रंथांत म्हटलें आहे. अल्काबेत्झनें तें वचन जणूं संगीतांत उतरविलें. जो राजा शतकानुशतकें येत नाहीं, त्याच्या राज्याची वानगी दर आठवड्याला एक दिवस चाखावयास मिळते! शेवटच्या कडव्याला सर्व मंडळी दाराकडे वळून वाकतात. या गीताचा प्रसार इतका झाला कीं, शुक्रवारच्या संध्याकाळीं तें जगांतील बहुतेक सर्व ज्यू समाजांत गाइलें जातें, आणि प्रत्येक समाजाची चाल निराळी आहे.

चालींचा हा प्रश्न साफेदच्या मंडळींतच मोठ्या वादाचा झाला. इस्राएल नाजारा नांवाच्या कवीनें १५८७ सालीं साफेद येथें आपला गीतसंग्रह छापविला. बाजारांत, कॉफीच्या दुकानांत आणि लग्नसमारंभांत ज्या तुर्की, अरबी व स्पॅनिश प्रेमगीतांच्या चाली लोकांच्या ओठीं होत्या, त्या त्यानें उचलल्या आणि त्यांवर हिब्रू भक्तिगीतें बसविलीं. गीताच्या माथ्यावर तो मूळ गाण्याचा निर्देश करी. मराठी पदसंग्रहांतून पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जी नोंद असते, तशीच ही नोंद. मूळ गाण्याच्या आरंभींच्या शब्दांशीं मिळताजुळता हिब्रू उच्चार साधण्याची त्याला विशेष हौस होती. मेनाहेम दे लोन्झानो या विद्वानानें याबद्दल त्याच्यावर कडक टीका केली. ईश्वर व इस्राएल यांच्या नात्याला उघड्या शृंगाराची भाषा वापरणें आणि पवित्र शब्दाआडून बाजारी गाण्याची आठवण करून देणें त्याला मान्य नव्हतें. नाजाराच्या बाजूचें म्हणणें असें कीं, तरुणांच्या तोंडीं हीं गाणीं आहेतच. चाल काढून घेतां येत नसेल तर शब्द तरी बदलावे. निकाल लोकांनींच दिला. त्याचें अरामी भाषेंतील ‘याह रिब्बोन ओलाम’ हें गीत शब्बाथच्या जेवणाच्या वेळीं आजही घरोघर म्हटलें जातें. नाजारा १६२५ च्या सुमारास गाझा शहरीं वारला. तेथें तो धर्मोपदेशक होता.

चाळीस वर्षांनीं त्याच गाझा शहरांत, नाजाराचा नातू याकोब नाजारा धर्मोपदेशक असतांना, एक पाहुणा त्याच्या घरीं उतरला. त्याचें नांव शब्बताई झ्वी. स्मर्ना येथें १६२६ सालीं जन्मलेला हा मनुष्य विद्वान होता, देखणा होता, आणि त्याचा गळा गोड होता. गाझा येथील नाथान नांवाच्या तरुण गूढवाद्यानें १६६५ सालीं तो माशीयाह असल्याचें घोषित केलें, आणि वर्षभरांत ही वार्ता येमेनपासून हॉलंडपर्यंत पसरली. शब्बताईच्या प्रभावांत गाण्याचा वांटा मोठा होता. स्मर्ना येथील प्रार्थनामंदिरांत त्यानें ‘मेलिसेल्दा’ नांवाचें एक जुनें स्पॅनिश प्रेमगीत म्हटलें आणि त्याला गूढ धार्मिक अर्थ लावला, असें तेथें राहणाऱ्या थॉमस कूनेन या डच पाद्र्यानें लिहून ठेवलें आहे. ज्या कलेचें बीज नाजारानें पेरलें, तिचें हें टोंक होतें. नाजारानें प्रेमगीताची चाल घेऊन शब्द बदलले. शब्बताईनें शब्दही ठेवले आणि अर्थ तेवढा बदलला.

त्या वर्षींचें वातावरण ग्ल्युकेल या जर्मनीतील ज्यू स्त्रीच्या आठवणींतून चांगलें कळतें. तिच्या सासऱ्यानें आपलें राहतें घर सोडलें आणि पवित्र भूमीच्या प्रवासासाठीं कपडे व सुके अन्नपदार्थ भरलेलीं पिंपें हांबुर्ग बंदरीं पाठवून दिलीं. बोलावणें येतांच गलबतांत चढावयाचें, एवढेंच बाकी होतें. बोलावणें आलें नाहीं. १६ सप्टेंबर १६६६ रोजीं एदिर्ने येथें सुलतान चौथा महंमद याच्यापुढें शब्बताईला उभें करण्यांत आलें, आणि त्यानें मुसलमानी धर्म पत्करला. हांबुर्ग येथील पिंपें तशींच पडून राहिलीं. अखेरीस आंतले खाण्याचे पदार्थ नासतील म्हणून तीं उघडावीं लागलीं. एका म्हाताऱ्याच्या पिंपांत एका साऱ्या जातीची निराशा भरलेली होती.

तरीही कांहीं लोकांनीं शब्बताईला सोडलें नाहीं. १६८३ च्या सुमारास सालोनिका शहरांतील कांहीं शें कुटुंबें त्याच्या मागोमाग मुसलमान झालीं. बाहेरून मुसलमान आणि आंतून शब्बताईचे भक्त अशा या पंथाला तुर्की लोक ‘दोन्मे’ म्हणत. त्यांनीं ज्यूंच्या स्पॅनिश बोलींत गीतें रचलीं आणि तीं लहान वह्यांतून लपवून ठेवलीं. १९२३-२४ सालीं ग्रीस व तुर्कस्तान यांच्यामध्यें लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हां या पंथाला सालोनिका सोडावें लागलें. पुढें अशा वह्या विद्वानांच्या हातीं आल्या, आणि १९४८ सालीं त्यांतील गीतें तेल अवीव येथें प्रसिद्ध झालीं. त्या गीतांचा आणि साफेदच्या गीतांचा शब्दसंग्रह बराचसा एकच आहे. फरक काळाचा आहे. साफेदचा कवि ‘येईल’ म्हणतो. दोन्मे कवि ‘आला’ म्हणतो. क्रियापदाच्या या एका काळानें एका समाजाचे दोन समाज झाले. ‘येईल’ म्हणणारे प्रार्थनामंदिरांत राहिले. ‘आला’ म्हणणाऱ्यांना आपला आनंद पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवावा लागला.

या आघातानंतर ज्यू समाजानें काय केलें? त्यानें शब्बताईचें नांव टाकलें, पण गाणीं टाकलीं नाहींत. ‘लेखा दोदी’ पूर्वीप्रमाणेंच चालू राहिलें. येमेनमध्यें शालोम शबाझी या कवीच्या आयुष्यांत तर आशाभंग आणि छळ हे लागोपाठ आले. १६७९ सालीं तेथील इमामानें ज्यूंना गांवांतून हांकलून मौझा या रखरखीत किनारपट्टीच्या प्रदेशांत पाठविलें, आणि पुष्कळ लोक तेथें मेले. शबाझीनें हिब्रू, अरामी व अरबी या तिन्ही भाषांत उद्धाराचीं गीतें रचलीं. येमेनच्या ज्यूंनीं तीं लग्नांत आणि शब्बाथच्या बैठकींत गाऊन जतन केलीं, आणि १९४९-५० सालीं सुमारें ४९ हजार येमेनी ज्यू विमानांनीं इस्राएलला गेले तेव्हां तीं त्यांच्याबरोबर गेलीं.

पूर्व युरोपांत निराळी वाट निघाली. बाआल शेम तोव (मृत्यु १७६०) या साधुपुरुषापासून सुरू झालेल्या हसिदी पंथानें शब्दांपेक्षां स्वराला अधिक मान दिला. त्यांच्या ‘निग्गून’ या प्रकारांत पुष्कळदां शब्दच नसतात. महाराष्ट्रांतील श्रोत्याला आलापाची आठवण व्हावी, अशी ती रचना असते. शब्दांत तारखा येतात, नांवें येतात, फसगत येते. नुसत्या सुराला कोणी खोटें पाडूं शकत नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, नाझींनीं साठ लक्ष ज्यूंचा संहार केला त्या काळांत, मैमोनिदीसच्या बाराव्या तत्त्वाचे शब्द एका हसिदी चालीवर छळछावण्यांतून गाइले गेले. विलंब झाला तरी वाट पाहीन, असें म्हणणाऱ्यांच्या मुखांत त्या शब्दांना जो अर्थ आला, तो बाराव्या शतकांतल्या तत्त्वज्ञाच्या कल्पनेंतही नसेल.

या दीर्घ परंपरेची एक शाखा थेट मराठी भाषेंत फुलली आहे. कोकणांतील बेने इस्राएल समाजाचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याला लागले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गांवोगांव तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. शब्बाथ, सुंता, कांहीं सण आणि ‘शेमा’ ही मूळ घोषणा एवढें राहिलें. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. बेने इस्राएल मंडळी त्याला ‘मशीद’ म्हणत.

या समाजानें माशीयाहच्या अग्रदूताला विशेष जवळचें मानलें. एलियाहू संदेष्टा मेला नाहीं, अग्निरथांत बसून वर गेला, आणि माशीयाहच्या आधीं तो परत येईल, अशी ज्यूंची श्रद्धा आहे. शनिवारीं रात्रीं शब्बाथ संपतांना त्याचें गीत म्हणतात. वल्हांडण सणाच्या रात्रीं त्याच्यासाठीं पेला भरतात व दार उघडतात. कोकणांत अलिबागजवळ खंडाळें गांवीं एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, असें बेने इस्राएल मानतात. त्याच्या नांवानें ‘मलिदा’ हा विधि होतो. भिजविलेले पोहे, खोबरें, साखर आणि फळें ताटांत मांडून ‘एलियाहू हानबी’ हें हिब्रू गीत म्हणतात आणि नंतर प्रसाद वांटतात. नवस फेडणें, लग्न, नवें घर अशा प्रसंगीं हा विधि घडतो. जगाच्या उद्धाराचा दूत अशा रीतीनें घरच्या मंगलकार्यांत पाहुणा म्हणून येऊन बसला.

एकोणिसाव्या शतकांत छापखाने व शाळा आल्या आणि हा समाज आपला वारसा नव्यानें शिकूं लागला. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें. १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. त्यानंतर १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनीं कीर्तनाचा स्वीकार केला. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या प्रकारच्या प्रमुख रचनाकारांपैकीं एक होत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें साकी, दिंडी, ओंवी व पदें यांत बांधलीं गेलीं. कीर्तन हा प्रार्थनेचा भाग नसल्यानें त्यांत वाद्यांना आडकाठी नव्हती. ज्या श्रोत्यांना हिब्रू ग्रंथ कळत नव्हता, त्यांना या आख्यानांतून आपल्याच पूर्वजांची ओळख झाली. नाजारानें तुर्की चालींतून जें साधलें, तेंच कोकणच्या या मंडळींनीं हरिदासी परंपरेच्या वृत्तांतून साधलें. परक्याचें म्हणून टाकावें कीं आपलेंसें करावें, हा साफेदचा वाद येथें उद्भवलाही नाहीं. कारण मराठी ही त्यांना परकी भाषा नव्हतीच. विसाव्या शतकांत हीं कीर्तनें विरळ होत गेलीं, तरी कित्येक गाणीं बायकांच्या वह्यांतून व कंठांतून टिकलीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि बेने इस्राएल समाजाचा मोठा भाग पुढील दशकांत तिकडे गेला. दिमोना, अश्दोद, लोद अशा गांवांत त्यांनीं नवीं बिऱ्हाडें थाटलीं. ज्या भूमीसाठीं त्यांच्या पूर्वजांनीं गाणें गाइलें, तिनें त्यांचें स्वागत सरळपणें केलें असें मात्र नव्हे. तेथील मुख्य धर्मपीठानें त्यांच्या विवाहांवर निर्बंध घातले. त्याविरुद्ध त्यांना चळवळ करावी लागली, आणि १९६४ सालीं तेथील संसदेनें ते सर्वार्थानें ज्यू असल्याचें जाहीर केलें. बाबिलोनच्या बंदिवानांनीं परक्या भूमींत सियोनचें गाणें गाण्यास नकार दिला होता; या लोकांनीं सियोनच्या भूमींत जाऊन कोकणचें गाणें चालू ठेवलें. मलिद्याचें ताट तेथेंही मांडलें जातें, आणि त्यांत पोहेच असतात.

राष्ट्र मिळालें म्हणजे प्रतीक्षा संपली काय, हा प्रश्न आतां ज्यू समाजापुढें आहे. इस्राएलच्या मुख्य धर्मगुरूंनीं १९४८ सालीं राष्ट्रासाठीं जी प्रार्थना प्रसृत केली, तींत त्या राष्ट्राला उद्धाराचा पहिला अंकुर म्हटलें आहे. दुसरे धर्मनिष्ठ लोक तें मान्य करीत नाहींत. मनुष्यांनीं उभारलेल्या राज्याला माशीयाहच्या राज्याचा मान देणें त्यांना उतावळेपणाचें वाटतें. ‘येईल’ आणि ‘आला’ यांमधील जुना वादच येथें नव्या रूपानें उभा आहे. शब्बताईच्या दिवसांची आठवण ज्यांना आहे, त्यांना तो शब्दच्छल वाटणार नाहीं.

गाण्यानें मात्र आपला काळ बदललेला नाहीं. यरुशलेममध्यें राहणारा ज्यूसुद्धां शुक्रवारीं संध्याकाळीं ‘लेखा दोदी’ म्हणतो आणि शेवटच्या कडव्याला वळून वाकतो. वल्हांडणाच्या रात्रीं यरुशलेमच्याच घरांतून एलियाहूसाठीं पेला भरला जातो व दार उघडलें जातें. दारांत कोणी उभें नसतें. तरी पुढच्या वर्षीं तें पुन्हां उघडावयाचें, हें ठरलेलें असतें. दार कायमचें न लावणें आणि येईल त्याला पारखल्यावांचून आंत न घेणें, या दोन गोष्टी एकाच वेळीं साधणें फार कठीण आहे. ज्या समाजानें त्या साधण्याचा दोन हजार वर्षें प्रयत्न केला, त्याच्या यशापयशाचा हिशेब या गाण्यांत लिहिलेला आहे.